टेलिफोन हॉलमध्ये असतानाची मालिका आज पुन्हा उभी करताना

नव्वदच्या दशकातल्या कॉलेजच्या मालिकांत एक प्रसंग हटकून असायचा. हॉलमधला टेलिफोन वाजतो. वडील पेपर खाली ठेवून रिसीव्हर उचलतात. पलीकडचा मुलगा गडबडतो, 'सॉरी, राँग नंबर' म्हणून ठेवून देतो. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी असते आणि आई तिच्या बोटाकडे बघत असते. चार वाक्यांचा प्रसंग, पण त्यावर अख्खा भाग निघायचा. आज तो जसाच्या तसा लिहिता येत नाही. मुलाच्या हातात मोबाइल दिला की वडील, पेपर, दार, ओढणी सगळंच निकामी होतं.

अशी जुनी मालिका परत आणायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती कलाकारांवरून आणि शीर्षकगीतावरून. प्रत्यक्षात काम अडतं ते हक्कांच्या कागदांत, टेपांच्या पेटीत आणि या टेलिफोनमध्ये. समजा, मूळ मालिका मुंबई-पुण्याकडच्या कॉलेजात घडते आणि नवी सोलापुरात घडवायची आहे. मग काय काय करावं लागतं, ते क्रमाने बघू.

आधी 'पुन्हा' म्हणजे काय हे ठरवावं लागतं, कारण या एका शब्दाखाली चार वेगळे धंदे दडलेले आहेत. जुने भाग साफ करून दाखवणं हा एक. त्याच कलाकारांची वाढलेल्या वयातली पुढची गोष्ट हा दुसरा. तीच गोष्ट नव्या मुलांना घेऊन करणं हा तिसरा, आणि नाव-जागा जुनी, बाकी सगळं नवं, हा चौथा. कॅनडातल्या 'डिग्रासी'ने दुसरा मार्ग फार हुशारीने वापरला. १९८७ च्या मालिकेत एका शाळकरी मुलीला दिवस गेले होते. ते बाळ खऱ्या हिशेबाने मोठं होऊन २००१ च्या नव्या मालिकेत सातवीत आलं. ऑस्ट्रेलियातली 'हार्टब्रेक हाय' १९९४ ते १९९९ चालली. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने ती परत आणली तेव्हा शाळेचं नाव ठेवलं आणि वर्ग नवा भरला. अमेरिकेतल्या 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०'चे जुने कलाकार २०१९ मध्ये जुन्या पात्रांऐवजी स्वतःलाच रंगवायला एकत्र आले आणि सहा भागांत गाशा गुंडाळला गेला. आपल्याकडे 'दिल दोस्ती दुनियादारी'नंतर २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' आली. कलाकार तेच, पात्रं आणि गोष्ट नवी. त्याच वर्षी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पडद्यावर आला तो शाळकरी पोरगा म्हणून नाही, तर मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण म्हणून. टिकलेल्या उदाहरणांत एक गोष्ट दिसते. वातावरणापेक्षा पात्राची अडचण जपलेली असते.

कुणाचं काय

मालिका कुणाची, असं विचारून उत्तर मिळत नाही. तुकड्यातुकड्याने विचारावं लागतं. चित्रित भाग कायद्याने निर्मात्याचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. पण कुणी पैसे देऊन मालिका बनवून घेतली असेल, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. म्हणून दूरदर्शनच्या काळातल्या मालिकेची फाइल उघडली की आधी बघायचं ती बनवून घेतलेली होती की प्रायोजित, म्हणजे निर्मात्याने स्वतः बनवून जाहिरातदाराच्या पैशांवर चालवलेली. कथा-पटकथेचा हक्क वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मालिका कादंबरीवर असेल तर कादंबरीकार आणखी वेगळा. नुसते जुने भाग दाखवायचे असतील तर निर्मात्याशी बोलून बरंच भागतं. गोष्ट नव्याने करायची तर लेखकाशिवाय पाऊल टाकता येत नाही.

करार सापडला की त्याची तारीख बघा. १० मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं कायदा धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. त्याआधीच्या करारांना हा नियम लागत नाही. तिथे कागदावरचा शब्द न् शब्द वाचावा लागतो. २१ जून २०१२ पासून आणखी एक दुरुस्ती आहे. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवसायात आलेलं नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिले असं मानता येत नाही. १९९६ च्या करारात 'सर्व माध्यमांचे सर्व हक्क' असं लिहिलेलं असलं, तरी त्यात ओटीटी येतं का यावर वकील भांडू शकतात. ते भांडण विकत घेण्यापेक्षा लेखकाकडून नवा कागद करून घेणं स्वस्त पडतं.

इथे एक साधी चूक वारंवार होते. पहिल्या भागाची श्रेयनामावली बघून यादी करतात. पूर्वी १३ भागांची मंजुरी मिळायची, मुदतवाढ मिळाली की पुढचे, आणि मध्येच संवादलेखक बदललेला असायचा. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटची नावं उतरवून तक्ता करायचा: भाग क्रमांक, कथा, पटकथा, संवाद, संगीत. ज्या पात्रामुळे मालिका गाजली ते नेमकं सव्विसाव्या भागात दुसऱ्याच लेखकाने आणलेलं निघतं. लेखक हयात नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, एकट्या थोरल्या मुलाची चालत नाही. शिवाय कलाकृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाधा आली, तर हक्क विकलेला असला तरी हरकत घेता येते. ती वारसही घेऊ शकतात.

मालिकेच्या नावावर कॉपीराइट सहसा मिळत नाही. ट्रेडमार्क मात्र असू शकतो. तो दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो, आणि सलग पाच वर्षं तीन महिने वापर नसेल तर न वापरल्याच्या कारणावरून काढून टाकण्याचा अर्ज करता येतो.

संगीत ही सगळ्यांत चिकट जागा. शीर्षकगीताचे गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रण ज्यांच्याकडे आहे ती कंपनी, असे चार दरवाजे ठोठवावे लागतात. गॅदरिंगच्या भागात पोरं हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाचलेली असतील तर त्या गाण्याचा परवाना निराळा. जुने भाग पुन्हा दाखवताना हमखास इथेच कात्री लागते. अमेरिकेत 'डॉसन्स क्रीक'च्या पुढच्या आवृत्त्यांत सगळ्यांच्या तोंडी असलेलं शीर्षकगीतच बदललं गेलं होतं आणि प्रेक्षक वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले.

सगळे हक्क एकदम विकत घेऊ नका. १२ ते १८ महिन्यांचा ऑप्शन करार करा, म्हणजे थोडी रक्कम देऊन 'या मुदतीत दुसऱ्या कुणाला देणार नाही' एवढं बांधून घ्या. ती रक्कम पुढे मूळ किमतीतून वळती व्हावी, हेही त्यातच लिहा. मग वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. विस्मरणात गेलेला भागीदार त्या सूचनेवर उगवतो. तो चित्रीकरणानंतर उगवण्यापेक्षा तेव्हाच उगवलेला बरा.

पेटीतल्या टेपा

जुने भाग दाखवायचे नसले तरी फ्लॅशबॅकसाठी ते लागतात. त्या काळातले भाग बहुधा यू-मॅटिक किंवा बीटाकॅम एसपी टेपवर असतात. बीटाकॅमचे डेक बनवणं सोनीने २०१६ मध्ये बंद केलं, म्हणजे टेप टिकली तरी ती वाजवणारं यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस दरवर्षी कमी होत जाणार.

टेप मिळाली की लगेच डेकमध्ये घालू नका. झाकणाच्या काचेतून बघा. कडांना पांढरी बुरशी दिसली तर ती साफ केल्याशिवाय लावायची नाही. एका बुरशी लागलेल्या टेपने हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घाण झाला की पुढची चांगली टेपही खराब होते. काही टेपांतला गोंद हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप चालताना चिरकते आणि हेडवर तपकिरी भुकटी सोडते. ती नियंत्रित भट्टीत ५० अंशांच्या आसपास काही तास कोरडी करतात आणि मग थोड्या दिवसांच्या आत उतरवून घेतात. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याखालची खोली आपोआप तेवढी तापते, म्हणून कुणी तो प्रयोग करू नये. तिथे तापमान दिवसा चढतं आणि रात्री उतरतं, आणि टेपला मारक ठरतो तो हाच चढउतार.

उतरवताना दहा बिट, कॉम्प्रेस न केलेली फाइल घ्या. हिशेब सोपा आहे. तासाला साधारण १०० जीबी, २३ मिनिटांच्या भागाला ३८. १३० भाग म्हणजे ५ टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर १५.

मग येतो चौकटीचा प्रश्न. जुनं चित्र ४:३ चं, ५७६ ओळींचं. आजच्या १६:९ टीव्हीत भरायला वरून-खालून कापलं की ४३२ ओळी उरतात आणि बाकावर मागे उभ्या असलेल्या पोरांची डोकी उडतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवणं केव्हाही बरं. चॅनेल नाक मुरडतं, पण बोलून पटवता येतं. अमेरिकेतल्या 'बफी' या मालिकेच्या एचडी आवृत्तीत रुंद चौकट उघडली तेव्हा मूळ चित्रीकरणावेळी बाहेर ठेवलेले दिवे आणि माणसंच आत दिसू लागली होती. यंत्राकडून चित्र मोठं करून घेताना चेहरे मेणासारखे होतात, आणि आपल्याकडे त्याहून मोठी पंचाईत म्हणजे देवनागरी अक्षरं. जोडाक्षरांचा पार चिखल होतो. श्रेयनामावली नव्याने टाइप करून घ्यावी, तीही आधी उतरवलेल्या तक्त्यावरून.

अडथळ्यांची वही

आता लेखन. जुन्या मालिकेतून उचलायचा तो अडथळा. स्कूटर, बेलबॉटम आणि कॅसेट प्लेअर उचलून काही होत नाही. जुने भाग बघताना वहीत चार रकाने करा: या प्रसंगात कुणाला काय हवंय, आडवं काय येतंय, कोण बघतंय, आणि आज मोबाइल असता तर प्रसंग उरला असता का. एका भागात साधारण १५-२० प्रसंग असतात. शेवटच्या रकान्यात 'नाही' आलं की तिथे नवा अडथळा शोधायचा. 'रेंज नव्हती' आणि 'बॅटरी संपली' ही उत्तरं एका हंगामात एकदाच वापरायची, तीही नाइलाज म्हणून.

टेलिफोनचा प्रसंग घेऊ. सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं घर. खाली यंत्रमागाची खडखड, वर दोन खोल्या, माणसं सहा. मुलीचा मोबाइल पलंगावर पालथा ठेवलेला. पालथा ठेवलाय, हेच आधी आईच्या डोळ्यांवर येतं. धाकटा भाऊ गेम खेळायला तो उचलतो आणि वरून मेसेज सरकतो. नाव 'ट्यूशन मॅडम', मजकूर 'जेवलीस का?' मॅडम रात्री साडेदहाला 'जेवलीस का' विचारत नाही, हे आठ वर्षांच्या पोरालाही कळतं. तो मोठ्याने वाचतो, तेलुगूत काहीतरी विचारतो, आणि आजी मागाच्या आवाजात ऐकू न आल्यामुळे त्याला पुन्हा वाचायला सांगते. वडील, दार, ओढणी सगळं परत आलं.

जागेतून मिळणारे अडथळे असेच शोधावे लागतात. शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं. पाण्याच्या दिवशी घरात थांबणार कोण, यावरून मुलीचं गॅदरिंग बुडू शकतं. मूळ मालिकेत नायक-नायिका अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत भेटत असतील तर ती रांगच आता नाही, कारण २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. ती भेट अभ्यासिकेत न्या, नाहीतर दाखल्यांसाठी सेतू केंद्रात. आणि मुंबईच्या मालिकेत नसलेली एक गोष्ट इथे फुकट मिळते: बारावीनंतर निम्मा वर्ग पुण्याला जाणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसचा फलाट हंगामभर मागे दिसत राहिला पाहिजे.

भाषेत दोन चुका ठरलेल्या. पहिली, सगळ्यांना पुण्याची मराठी बोलायला लावणं. दुसरी अधिक वाईट: विनोदी मित्राच्या तोंडी दर वाक्याला 'बे' घालून त्यालाच सोलापूर म्हणणं. सोलापुरी बोली क्रियापदात असते. 'काय करलालास बे?' यातलं 'करलालास' काढून 'बे' ठेवलं की नुसती नक्कल उरते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चार भाषा एका वर्गात असतात आणि मुलं वाक्याच्या मध्यावर भाषा बदलतात. कुणासमोर बदलतात आणि कुणासमोर बदलत नाहीत, हे लेखकाने ठरवायचं आणि कलाकाराने पाळायचं. नायिकाही हीच बोली बोलली पाहिजे. 'सैराट'मधली आर्ची गाजली ती बोली न सोडता.

जुन्या गोष्टीत कायद्याने बदललेल्या जागाही असतात. २०१२ चा पोक्सो कायदा आला आणि संमतीचं वय १६ वरून १८ झालं. सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन मुलगा पळून जातो हा धागा तेव्हा घराण्याच्या अब्रूचा होता. आज संबंधांचा प्रश्न आला की तो थेट गुन्ह्याचा होतो. अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाही गुन्हा असल्यामुळे, मुलांचं गुपित पोटात ठेवणाऱ्या प्रेमळ प्राध्यापिकेची सगळी भूमिका नव्याने लिहावी लागते. छडी मारून शिस्त लावणारे लाडके सर शिक्षणहक्क कायद्यानंतर शाळेत लाडके राहू शकत नाहीत. रंगावरून, जाडेपणावरून केलेले विनोद तर वाचतानाच गळतात. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवर तंबाखूचे नियम लागू आहेत, म्हणून कॉलेजच्या कट्ट्यावर सिगारेट पेटली की सुरुवातीला आणि मध्ये ३०-३० सेकंदांचा आरोग्यसंदेश आणि प्रसंग चालू असताना खाली इशारा द्यावा लागतो.

मे महिन्यात कॉलेज

पात्रं सोळा-सतराची असली तरी कलाकार १८ ते २० चे घ्या. चौदाच्या आतला बालकलाकार घेतला तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला कमाल पाच तास, विश्रांतीशिवाय सलग तीनपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काम नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. 'ट्यूशन मॅडम' वाचणाऱ्या त्या धाकट्या भावाचे सगळे प्रसंग म्हणूनच एकत्र काढून दोन-तीन दिवसांत उरकावेत. पंचविशीतल्या कलाकाराला दफ्तर दिलं तर मात्र प्रेक्षक पहिल्या मिनिटात हसतो.

फेब्रुवारी-मार्चला बोर्डाच्या परीक्षा, मग सीईटी. कॉलेज चित्रीकरणाला मोकळं मिळतं ते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो. बाहेरचे प्रसंग सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी वर्गातले, पण आवाज जागेवर घ्यायचा तर पंखे बंद, आणि पंखे बंद केले की तिसऱ्या टेकला मेकअप वाहतो. वर्गाच्या खिडक्यांना बाहेरून काळं कापड बांधून उन्हाची तिरीप तोडावी, दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं पंखे लावावेत, आणि दिवसाचं उद्दिष्ट चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त धरू नये. सुट्टीत कॉलेज रिकामं, म्हणजे गर्दीही आणावी लागते. जिन्यावरून उतरणाऱ्या दोनशे मुलांचा प्रसंग जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर एका दिवसात उरकावा.

सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा घ्यावीशी वाटणारच. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीने निघतात तेव्हा ती गर्दी पैसे देऊन उभी करता येत नाही. पण तिथे संवाद घेऊ नका. दोन कॅमेरे, दोन कलाकार, बोलणं नाही, फक्त चुकामूक. मिरवणूक कुणाच्या रिटेकसाठी थांबणार नाही, आणि थांबवायचा प्रयत्नही करू नये.

किती भाग आणि कुणासाठी

मूळ मालिका आठवड्याला एक भाग, वर्षाला ५२. आजचं चॅनेल आठवड्याला सहा मागतं, म्हणजे ३१२. तीच गोष्ट सहापट ताणली की पात्रं एकमेकांकडे बघण्यात वेळ काढू लागतात. ओटीटीचा आठ भागांचा हंगाम, प्रत्येकी ४० मिनिटं, म्हणजे ३२० मिनिटं. दैनंदिन मालिकेच्या २२ मिनिटांच्या हिशेबाने हे जेमतेम १५ भाग, अडीच आठवड्यांचा माल. दिवसाला पाच मिनिटं धरली तर ६४ दिवसांचं चित्रीकरण. तरुणांची गोष्ट दैनंदिन स्वरूपात विकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. चॅनेलच हवं असेल तर शनिवार-रविवारची जागा मागावी.

घरातल्या टीव्हीचा रिमोट मोठ्यांच्या हातात असतो आणि सोळा वर्षांचा प्रेक्षक फोनवर बघतो, म्हणून जुने कलाकार आईवडिलांच्या भूमिकेत घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. घ्यावेत, पण त्यांना उपदेश करायला बसवू नये. ज्या बापाने तेव्हा, स्वतः कॉलेजात असताना, 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला होता, त्याला आता मुलीचा पालथा मोबाइल दिसतो, आणि तो काहीच बोलू शकत नाही, एवढं पुरे.

पहिल्या भागाची संहिता झाली की ती दोन खोल्यांत वाचा. एकीत जुनी मालिका पाहिलेल्या चाळिशीतल्या बायका, दुसरीत तिचं नावही न ऐकलेली अकरावीची मुलं. मत विचारू नका; चांगलं आहे, असंच सांगतील. कोपऱ्यात एकाला पानांचे आकडे लिहून बसवा आणि कुठल्या पानावर कोणी मोबाइल काढला, तेवढं टिपून घ्या. दोन्ही खोल्यांत जे पान समान निघेल, तिथे अडथळा नाही. त्या पानावर वही पुन्हा उघडा.